घरं आता आपोआप होतात

...जळत नाही हो मी, नुसतं सांगतो. तुम्हाला सांगतो, ऑफिसात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला कुणाकडे पाठवायचे? माझ्याकडे. म्हणजे कसं, की नाव आणि पासवर्ड साहेब लोक मुख्य मशीनवर एकदाच चढवतात, ते सगळ्या मजल्यांवर चालतं, पण नुसतं नाव चालून काय होतंय, कागदं ठेवायची कुठं? त्याला मशीनमध्ये आपलं एक फोल्डर लागतं, त्याला आम्ही घर म्हणतो, आणि ते घर मी करायचो, या हातांनी. शाळा माझी जेमतेम, पण एका जुन्या साहेबांनी चार ओळी शिकवल्या, त्याच जन्मभर टाईप केल्या.

नवा माणूस यायचा बिचारा, तोंड एवढंसं करून... "काका, मशीन म्हणतंय, घर सापडत नाही." मी म्हणायचो, "बस बाळा, अजून केलंच नाही तर सापडेल कुठून?" मग एकीकडे टाईप करायचं, एकीकडे विचारायचं, जेवलास का, खोली मिळाली का, आई एकटी असते का... आणि या गप्पांच्या नादात कधीकधी घर त्याच्या नावावर करायचंच राहून जायचं. म्हणजे राहणार तो आणि मालक मी. मग तो परत यायचा, "काका, आत काही ठेवताच येत नाही..." मला ते परत येणंच फार आवडायचं. आता असली चूक होत नाही कुणाची. जळत नाही हो मी, नुसतं सांगतो.

तर एक चष्मेवाला इंजिनियर आला आणि त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला. माणसानं पहिल्यांदा पासवर्ड घातला रे घातला की घर तयार, नावावर झालेलं, शेजाऱ्याला आत डोकावायची सोय नाही. साहेब म्हणाले, "वा, काकांचा त्रास वाचला." त्रास? मी कधी कुणाला म्हटलं होतं त्रास होतोय म्हणून?

घरी बायको म्हणते, "सवत आल्यासारखं तोंड करून काय बसलाय?" म्हटलं, "सवत परवडली, ती निदान भांडते तरी." हा प्रोग्रॅम बोलत नाही, चालत नाही, खात नाही, रजा घेत नाही... मीच मग एका नव्या मुलीच्या टेबलाशी गेलो. "घर मिळालं का गं?" ती म्हणते, "कसलं घर, काका?" बघा म्हणजे. मिळालं ते कळलंसुद्धा नाही. देवाला म्हटलं, एकदा, एकदाच चुकू दे त्याला.

आणि चुकला की हो. दुसऱ्या शाखेतून बदलून एक हिशेबनीस बाई आल्या, पासवर्ड घातला, आणि त्यानं काय करावं? नवं कोरं घर दिलं. रिकामं. बाई रडायच्या बेतात, "माझं सगळं काम गेलं." त्या मुक्याला काय ठाऊक, बाईंचं भरलं घर जुन्या शाखेच्या मशीनवर तसंच उभं आहे. मी ते सामानासकट उचलून आणलं, बाईंच्या नावावर केलं, हो, या खेपेला आठवणीनं केलं. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही होता म्हणून." दोन दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते. जळत नाही हो मी, पण त्या प्रोग्रॅमकडे बघून गालात हसलो, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी चष्मेवाला आला, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. "काका, बदलून आलेल्याचं घर तुम्ही कसं हलवता?"

आता मला कळत नव्हतं का, तो कशाला विचारतोय ते? चांगलं कळत होतं. पण किती दिवसांनी कुणीतरी शेजारी येऊन बसलं होतं हो... मी त्याला विचारलं, जेवलास का, खोली मिळाली का, आई कशी आहे... आणि एवढं बोलल्यावर, आता तुम्हीच सांगा, घर कसं हलवायचं ते कुठल्या तोंडानं नाही सांगायचं?

सगळं सांगितलं. वर चहाही मीच पाजला.