मांडीचा तुकडा

प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी माझ्या पुढे एक गरोदर बाई आणि तिची नणंद होती. आत टेक्निशियन.

"तुमच्या मुलाच्या मांडीचा तपासणीसाठी काढलेला तुकडा अजून आहे आमच्याकडे. तांदळाच्या दाण्याएवढा."

"तो जाऊन वर्ष झालं. अजून ठेवलाय?"

"फ्रीजरमध्ये आहे. स्नायूतलं कुठलं प्रोटीन कमी होतं ते कळलं, तर पोटातल्या बाळालाही तोच आजार आहे का, ते तपासता येईल. पण ताई, सगळा तुकडा विरघळवावा लागेल."

"थोडासा नाही ठेवता येणार?"

"मागच्या वेळी थोडाच घेतला होता. प्रोटीन इतकं कमी निघालं, की मशीनला मोजताच आलं नाही."

"वहिनी, कर सही. बाळ ठेवायचं की नाही ते ठरवायला डॉक्टरांनी आठवडाच दिलाय."

"करते गं. पण मग त्याचं काहीच उरत नाही."

"असं काय म्हणतेस? कपडे आहेत की कपाटभर."

"कपडे दुकानातून आणलेले. हा त्याचा आहे."

"ताई, मागे रांग खोळंबलीय."

"एकदा बघायला मिळेल?"

"बाहेर काढला की खराब होतो. मग मोजता येणार नाही."

"मग राहू दे. कुठे करायची सही?"