सासऱ्यांच्या मोरीत युनियन

...आणि वर सासरे मलाच म्हणतात, "जावईबापू, टॉर्च हलवू नका!" अहो, तोंडावर पाण्याची चिळकांडी उडतेय, डोळे उघडत नाहीत, टॉर्च हलणार नाही तर काय होईल? तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं दर रविवारी हे मला सासुरवाडीला जेवायला बोलावतात आणि अकरा वर्षं मी तिथे नुसतं धरतोय! शिडी धरा, बादली धरा, टॉर्च धरा... पाना? छे! पाना फक्त सासऱ्यांचा! का, तर ते कारखान्याचे मॅनेजर होते, आणि मी पडलो शाळेतला इतिहासाचा मास्तर. एकदा तरी तो पाना आपल्या हातात यावा हो, एवढीच इच्छा!

तर मोरीतल्या कोपऱ्यातला लोखंडी पाईप गळत होता. वरच्या टोकाला. सासऱ्यांनी पाना लावला, पाईप गर्रकन फिरवला, वरचं गळणं बंद! "बघा!" म्हणाले. बघितलं. खालच्या टोकातून धार! खाली आवळला, तर वरून धार! पाईप एकच ना, फिरला की सगळाच फिरणार... इकडे आवळलं की तिकडे सुटतं!

प्लंबर नव्हते का? होते की! तीन आले, तिघांनाही हाकललं! कारण तिघंही एकच बोलले, "साहेब, युनियन बसवावी लागेल." झालं! सासरे लालबुंद. "युनियन? माझ्या घरात? अरे, तीस वर्षं कारखान्यात बसू दिली नाही, ती मोरीत बसू देईन? नीघ!" तिसरा तर असा पळाला, त्याची एक चप्पल अजून दारात आहे. आणि सासूबाई? आठ दिवस बादल्या उचलतायत, पण चकार शब्द नाही.

पुढच्या रविवारी सासरे दुपारचे आडवे झाले, तसा मी गुपचूप हार्डवेअरच्या दुकानात! दुकानदाराने दोन मुठी समोरासमोर धरल्या. "मास्तर, हे दोन पाईप. आपापल्या जागी गप्प बसतात. फिरतो तो फक्त मधला नट. तो आवळला की दोघं घट्ट जवळ, आणि फिरत कोणीच नाही. हिलाच म्हणतात युनियन." अहो, काटा आला अंगावर! एवढं सोप्पं?

सासऱ्यांच्या उशाखालून पाना काढला... हो, उशाखालून! दुकानदाराकडून करवत आणि दुसरा पाना मागून आणला, कॉक बंद केला, पाईप मधोमध कापला, दोन्ही तुकडे सोडवून दुकानातून आटे पाडून आणले, मध्ये युनियन बसवली. एका पान्याने धरलं, दुसऱ्याने नट आवळला, कॉक सोडला... वर कोरडं! खाली कोरडं! मध्ये कोरडं! मी मोरीत नाचलो हो! इकडे आवळलं आणि तिकडे सुटलं नाही!

वळतो तर दारात सासरे.

"काय बसवलंय ते?"

"यु... युनियन."

सासरे वाकले, नट चाचपला. "फिरतं कोण?"

"फक्त मधला नट. बाकी कोणी जागा सोडत नाही."

"काम बंद पडत नाही?"

"उलट सुरू झालंय!"

"अस्सं? मग अशी युनियन मला तेव्हाच का नाही कोणी दाखवली!" आणि तुम्हाला सांगतो, पाना उचलला आणि माझ्या हातात ठेवला! "ठेवा तुमच्याकडेच," म्हणाले. छाती अशी फुगली, शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं! मग अख्खी गल्ली गोळा केली त्यांनी. "या, या, बघा! आमच्या घरात युनियन आहे! जावयाने बसवली!"

हे सासूबाईंनी ऐकलं ना! चाळीस वर्षांत हूं की चूं न केलेल्या सासूबाई, हात पुसत पुसत बाहेर आल्या. "बसली ना युनियन घरात? मग दर रविवारी स्वयंपाकाला सुट्टी!"

सासरे माझ्याकडे वळले. "बसवली कोणी? आता तुम्हीच निस्तरा!"

तेव्हापासून दर रविवारी पाना माझ्याकडे असतो... आणि लाटणंही! इकडे आवळलं की तिकडे सुटतं, दुसरं काय!