पुलाजवळचं पाणी

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात बसलेल्या मास्तरीणबाई दुखरा खांदा विसरून शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकत होत्या. बायकोच्या मांडीवर कुबडी आडवी होती.

“रविवारी विंडसर्फिंगला जाऊ या. पुलाजवळ.”

“पुलाजवळ? तिथे वारा नावालाच असतो म्हणून तूच नाक मुरडायचास. दीपस्तंभापाशी जा की.”

“तिथे गाडी फार लांब लावावी लागते. पुलाजवळ अगदी पाण्यापर्यंत जाते. तुला आत बसून बघता येईल.”

“ओहोटी कधी आहे?”

“सकाळी. पण तेव्हा तिथे जेमतेम कमरेएवढं पाणी असतं.”

“मग सकाळीच जाऊ. छोटं शीड घे.”

“अगं, एवढ्याशा पाण्यात मी काय करू?”

“तू गाडीत बसून बघ. तेवढ्या पाण्यात मी पडले, तरी उभी राहीन.”