खिंडीतलं खारं पाणी

दोष तुळाजी पाटलाचा. हे आधी ऐका, भूत मागनं ऐका. आपली म्हातारी माणसं भूत तासभर रंगवतात आणि पाटलाचं नाव आलं की त्यांना खोकला येतो.

कंपनी सरकारचा काळ. शेजारगावचे दोन बैल चोरीला गेले. आपल्या गावचा जागल्या खंडू रामोशी. खुरांचा माग काढायचं काम त्याचं. रीत अशी, की माग ज्या गावाच्या शिवेत संपला त्या गावानं चोर द्यायचा. खंडू वाकून वाकून गावाबाहेरच्या खिंडीतनं माग काढत आला आणि थेट पाटलाच्याच गोठ्याशी थांबला. बरं, गप बसावं की नाही? चारचौघांत म्हणाला, "पाटील, खुरं आत गेल्याती. भाईर आल्याली न्हाईत."

झालं. गावानं चोर दिला, खंडूच दिला. पाच पंचांनी साक्ष दिली, पाचही पिकल्या मिशांचे. साहेबानं खंडूला गलबतात घालून काळ्या पाण्यावर धाडलं. तो तिकडंच मेला.

त्याचा पोर राणू. गावानं त्याला वाढवला म्हणजे काय, तर पाटलाच्या गोठ्यात राबवला. बाप कोण विचारलं की "न्हाई" म्हणायचं, हे त्याला तिथंच शिकवलं.

राणू बावीस वर्षांचा असताना बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी पाटील म्हणाला, "राण्या, म्हसवडास्नं नवी जोडी आण. उद्या तोरणाखालनं पयली जोडी माझी जाती. उजाडायच्या आत बैलं दावणीला दिसली न्हाईत, तर तूच चोर. बापाच्या वाटंनं धाडीन."

"म्हंजी रातचं खिंडीतनं यावं लागंल. तुमी तर दिवसा बी तिकडनं येत न्हाई, पाटील."

"मला कामं असत्यात."

तर ऐका. बैल घेऊन निघाला तोवर अंधार पडला. त्या साली पाऊस नव्हता, फुफाटा नुसता. दोन्ही कासरे त्यानं मनगटाला गुंडाळले. खिंडीच्या तोंडाशी आला आणि मागनं घुंगरं वाजली. बैल तर पुढं. थांबला, घुंगरं थांबली. चालला, वाजली. पुढं बघतो तर बैलांनी पाय टाकायच्या आधीच वाटेवर खुरं उमटलेली. एकेक खूर पाण्यानं भरलेला. या माळावर पाणी कुठलं? बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. मिठागत खारट. समुद्र त्यानं उभ्या जन्मात बघितला नव्हता.

मग बेडी वाजली. समोरनं एक माणूस आला, कमरेत वाकलेला, जमीन बघत, माग काढत. तोंड दिसत नव्हतं.

"बैलं कुणाची?"

"पाटलाची."

पाणी घोट्याला लागलं.

"तू कोण?"

"पाटलाचा गडी."

पाणी कमरेला. बैल हंबरायला लागले. राणू मागं फिरला तर मागंही पाणीच, काळं, खिंडीच्या दोन्ही कडांना थडकणारं.

"बाप कोण तुझा?"

"न्हाई," राणू म्हणाला. सवयच तशी.

पाणी हनुवटीला आलं. तोंडात गेलं. बुडता बुडता तो ओरडला, "बा, मी राणू. खंडूचा राणू."

तेव्हा त्या माणसानं मान वर केली. म्हणाला, "मग पाटलाची बैलं कशाला हाकतुयास? सोड."

राणूला कळत होतं. सोडले तर उद्या चोर, धरले तर आत्ता मढं. त्यानं मनगट मोकळं केलं.

पाणी नाही. माणूस नाही. बैलही नाहीत. कोरडी खिंड, आणि अंगावरचे कपडे कोरडे ठणठणीत.

उजाडल्यावर गावानं माग काढला. बैलांची खुरं खिंडीत जाऊन संपलेली, तिथनं पुढं राणूची तेवढी पावलं. राणूनं चावडीवर सगळं सांगितलं. पंच तेच, खंडूच्या वेळचे पाच. त्या पाचांतला एकही पंधरा वर्षं अंधारात त्या खिंडीत गेला नव्हता. का गेला नव्हता, हे पाचांनाही ठाऊक. पण साहेबासमोर भूत म्हणायची लाज वाटली. चोर म्हणायची वाटली नाही.

"बापावर गेला, दुसरं काय," पाटील म्हणाला. पंचांनी माना हलवल्या.

म्हणून म्हातारी माणसं सांगतात, रातचं त्या खिंडीत पाऊल टाकू नका. टाकू नका. पण पाटलाचा कासरा हातात घेऊन तर दिवसाही जाऊ नका, हे ती सांगत नाहीत.

राणूला चौदा वर्षं काळं पाणी झालं.