चार सेकंदांतलं उत्तर

...नाही पण मला सांगा, वाचलेल्या चाळीस मिनिटांचं यांना काय लोणचं घालायचंय? पण नाही, आमच्या मॅनेजरांना प्रत्येक उत्तर चार सेकंदांत हवं!

तुम्हाला म्हणून सांगतो. आमच्या इमारतीत पाहुण्याला दारावर कार्ड देतात, जाताना परत घेतात. कार्ड टेकवलं की कम्प्युटरात नोंद पडते. अशा लाखो नोंदी, आणि त्या उपसायला नेमलेला गडी कोण? मी!

आता या नोंदी एकत्र करायला कमांड दोन. एक 'स्टॅट्स'. एका कार्डाचं दिवसभराचं सगळं एका गाठोड्यात बांधते, चार सेकंदांत हजर! दुसरी 'ट्रान्झॅक्शन'. ती बिचारी एकेक नोंद बघते, हा आत आला, हा बाहेर गेला, ही भेट संपली, आता पुढची... पण तिला चाळीस मिनिटं लागतात हो, आणि तोवर सगळ्यांचं काम रखडतं. म्हणून मॅनेजर घसा खाकरून, "स्टॅट्स वापरा, स्टॅट्स! चार सेकंदांत!"

वापरली. काय निघालं? सात नंबरचं कार्ड घेऊन कुणी इसम आदल्या दिवशी सकाळी नऊला शिरला तो संध्याकाळी सहाला बाहेर पडला! परका माणूस नऊ तास आत, आणि दारावर कुणाला पत्ता नाही? झालं, दारावरच्या काकांना धरलं. बावीस वर्षांची नोकरी, धाकटी अजून शिकतेय, आणि यांचं आपलं, उद्यापासून येऊ नका! काका रडवेले, "अहो, काल सकाळी ते कार्ड पंखेवाल्याला दिलं होतं, अर्ध्या तासात परत घेतलं. साडेपाचला विम्याच्या बाईंना दिलं." पण ऐकतंय कोण? कम्प्युटर सांगतोय ना, तेही चार सेकंदांत!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर दुपारी, कुणाला न विचारता, लावली ट्रान्झॅक्शन! सगळं ऑफिस ठप्प, चहूकडून बोंबाबोंब, मी ढिम्म. निघाल्या की दोन भेटी! पंखेवाला वेगळा, बाई वेगळ्या.

काकांची नोकरी राहिली. मॅनेजरांनी चूक कबूल केली? छे हो! त्यांनी शोध लावला, चाळीस मिनिटं ऑफिस कुणी बंद पाडलं. कशाने लावला? स्टॅट्सने! कुणी कम्प्युटर किती वेळ अडवला त्याचं गाठोडं, त्यात माझं नाव पहिलं. आणि काय सांगू, या वेळी उत्तर अगदी बरोबर होतं.

नोटीस घेऊन काकाच आले. मान खाली घालून म्हणाले, "इथं सही करा, साहेब. पोच लगेच मागितलीय."

केली बापडी सही... चार सेकंद लागले असतील.