दहाव्याचा फोटो

पक्ष्यांच्या फोटोंचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. माझी बायको सुमन गेली, तिच्या दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवला होता. तिच्या माहेरी, वैरागला, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना कावळा शिवल्याचा फोटो हवा होता. त्याशिवाय लेक सुखाने गेली, हे त्या मानणार नव्हत्या. म्हणून मेहुणा वसंता कॅमेरा घेऊन बसला.

कावळे झाडावर होते, पण एकही खाली येईना. आम्ही सगळे हात जोडून उभे, आणि वसंता मला विचारतो, "दाजी, कावळा काळा, भात पांढरा. फोटोला उजेड कुणाच्या हिशोबानं धरू?"

गुरुजींचा मंत्र तोंडातच थांबला. चुलत सासरे ओरडले, "आरं, लाज हाय का न्हाय तुला?"

"काका, कावळ्याचा धरला तर भात दिसायचाच न्हाय की!"

असं म्हणत तो कॅमेऱ्याची उजेडाची रिंग फिरवायला खाली बघतो, तोच कावळा उतरला आणि पिंडाला चोच मारून उडालासुद्धा. बटण दाबायचं राहून गेलं. वसंताचा चेहरा पांढराफटक पडला.

"दाजी, आता आईला काय दाखवू?"

वैरागला जाऊन त्याने घडलं ते तसंच सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, "मग सुमीच ती. क्यामेऱ्याम्होरं कवा गप बसली व्हती?"