देवाला बोललेला कोंबडा

विसरवाडीच्या बसथांब्यावर कमलबाईंनी गुरांच्या दवाखान्यातल्या भूपेंद्रला गाठलं.

“बर्ड फ्लू म्हनीसन तुम्हीन मांगला आठवडामा मन्हा धडधाकट कोंबडा मारा. तपासनीमा काय निंघनं?”

“मावशी, विषाणूची जनुकं जुळवली. त्याचं सात पिढ्यांचं कूळ सापडलं. धरणावरच्या रानबदकांकडून आलाय.”

“मंग बदकंसले मारं का?”

“ती उडून गेली.”

“मन्हा कोंबडा घरमा व्हता, म्हनीसन तुमले सापडी गया.”

“दुसरा घ्या ना, मावशी.”

“सूनना बाळंतपनसाठे देवले बोलेल कोंबडा बदलता येस का? विषाणूना आजा-पंजा शोधी काढा, पन कोंबडा कोना शे हाई कोनी इचारं नही.”

“रिपोर्टात तसा रकाना नसतो.”

“सूनले नववा महिना लागी गया. देवपुढे आते काय कापू, तुन्हा रिपोर्ट?”